पावर काढून टाक

“पावर काढून टाक, गुलफाम. स्टेरिंग साधं करून दे. ताकद लावून ओढावं लागलं पाह्यजे, असं.”

सुभद्राने किल्ली त्याच्या हातात ठेवली. अकोल्यातल्या पातूर रोडवरचं ते गॅरेज दुपारच्या उन्हात सुस्तावलं होतं. लिंबाची पिवळी पानं गाड्यांच्या टपांवर एकेक उतरत होती. गुलफाम हसला.

“काकू, लोकं साध्या गाडीले पावर बसवून मागतात. तुमी उलट्याच आल्या. काहून?”

सुभद्राने खरं ते सांगितलं. तिच्या नवऱ्याने, जानरावने, सारा जन्म एसटी चालवली. अकोल्याहून परतवाडा, तिथून वर मेळघाटाची वळणं. निवृत्त झाल्यावर मुलाने ही छोटी, बिनगियरची गाडी घेऊन दिली. मागच्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं. पण पावर स्टेअरिंग इतकं हलकं, की जानराव एकट्या उजव्या हाताने रोज संध्याकाळी गाडी काढायचा. परवा एका शाळेसमोर सायकलवरची मुलगी आडवी आली. तिला चुकवताना गाडी रस्ता सोडून खाली गेली. मुलगी वाचली. शेजारी बसलेल्या सुभद्राच्या कानांतून तिची किंकाळी मात्र जात नव्हती.

“मंग त्याईले तोंडावर सांगून द्या नं.”

“कसं सांगू? सदऱ्याची बटनं मी लावते. भाकर मोडून देते. येवढं एकच त्याईचं त्याईच्या हातात राह्यलं. ते मी नाई काढून घेऊ शकत. गाडीनंच नाई म्हटलं तं बरं होईन.”

गुलफाम किल्लीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ठेवून जा.”

गाडी घरी आली त्या संध्याकाळी जानराव नेहमीसारखा निघाला. सुभद्रा दारात उभी राहून आवाज ऐकत होती. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. इंजिन बंद झालं तरी तो बराच वेळ आतच बसून होता. बाहेर आला तेव्हा उजवा खांदा चोळत होता.

“गाडी जड झाली वं. माह्याच्यानं नाई फिरत आता.”

सुभद्राने पटकन तोंड फिरवलं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि चोरी केल्यासारखंही.

“तू शिक,” तो म्हणाला. “मी बाजूले बसतो.”

मग सकाळी सकाळी दोघं निघू लागली. कृषी विद्यापीठाकडच्या रस्त्यावर धुकं असायचं. झाडं त्यातून हळूच पुढे यायची आणि मागे विरून जायची. जानराव हलक्या आवाजात बोलत राहायचा. कधीतरी मेळघाटात सेमाडोहजवळ, एसटीच्या दिव्यांच्या उजेडात उभं राहिलेलं अस्वल. सारी गाडी झोपलेली आणि जागा फक्त तो. “रस्त्याच्या मांगं लागू नको,” तो म्हणायचा. “त्याले आपल्याकडे येऊ दे.” आणि सुभद्राला खरंच वाटायचं, की गाडी जागीच आहे आणि पाण्यासारखा रस्ताच तिच्याकडे वाहत येतो आहे.

एक गोष्ट मात्र तिला उमजेना. स्टेअरिंग जड कुठे होतं? ते तर बोटाने फिरत होतं. भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि गॅरेजात गेली.

गुलफामने हात पुसले. मान वर केली नाही.

“मी कायबी काढलं नाई, काकू. पावर होती तशीच आहे.”

“म्हंजे?”

“एका हातानं जड स्टेरिंग कसं ओढलं असतं त्याईनं? एखाद्या ट्रकासमोर अडकले असते तं? माह्याच्यानं नाई झालं ते. काकाले बलावलं न् सारं सांगून देल्लं.”

सुभद्रा तिथल्याच एका टायरवर बसली. “काय म्हणले?”

“स्टेरिंगवर हात फिरवत राह्यले. मंग म्हणे, तिले सांगू नको. मी सांगतो जड झाली म्हणून.”

घरी येऊन ती काहीच बोलली नाही. जानरावनेही काही विचारलं नाही. धुक्यातल्या फेऱ्या चालू राहिल्या. तिचा हात बसला.

हिवाळ्यात एक दिवस दोघं अमरावतीला निघाली, मुलीकडे, मोनालीकडे. मूर्तिजापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. कलत्या उन्हात सारं शिवार पांढरं आणि निःशब्द होतं, जमिनीपासून जरासं वर तरंगत असल्यासारखं. जानरावचे डोळे मिटले होते. झोप लागली असावी. सुभद्राने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. नंतर परत पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता. रस्ता जिकडे वळे, तिकडे तोही थोडासा वळत होता. मिटल्या डोळ्यांनी तो गाडी चालवत होता.

बडनेरा जवळ आलं. तिने वेग अगदी कमी केला.

“अहो, उठा नं. पुढं वळण आहे. मले एकटीले नाई जमत. स्टेरिंग लय जड आहे. जरासा हात लावा.”

जानरावने डोळे उघडले. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने उजवा हात उचलला, तिच्या हाताशेजारी ठेवला, आणि बोटाने फिरणारं ते स्टेअरिंग दोघांनी मिळून, सारी ताकद लावून, अमरावतीकडे वळवलं.