दोऱ्या सोडणाऱ्या बायका

“एकच शब्द, मावशी. ‘पूर्वापार.’ त्यापुढे चकार शब्द काढू नकोस,” रोझालीने कानात सांगितलं.

फिलोमेन मावशीने मान हलवली. ती होकाराची नव्हती, हे रोझालीला जरा उशिराच कळलं.

समोर जमीन आयोगाचे साहेब, शेजारी टंकलेखिका. मागच्या बाकांवर आदिवासींची अख्खी राखीव वस्ती: बारा घरं, एकोणचाळीस माणसं आणि तळलेल्या पावाचा वास. आज ठरायचं होतं ते एवढंच. तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा, जिथे रानतांदूळ पिकतो, तो वस्तीचा की सरकारचा.

“तिथला तांदूळ तुमचे लोक कधीपासून काढतात?”

मावशी उठली. देवाला वाहावी तशी तंबाखूची चिमूट टेबलावर ठेवली आणि आभार मानू लागली.

पाण्याचे आभार.

चिखलाचे आभार, दाणा त्याच्यात रुजतो.

बदकांचे आभार, सगळा खात नाहीत.

“यांचं बरंच चालणार आहे का?” साहेबांनी रोझालीला विचारलं.

“बदकं झाली की माणसं येतात,” मागून इझाडोर म्हातारा म्हणाला. बाकं हसली.

पलीकडच्या बेटावरच्या बायकांचे आभार.

रोझालीने मावशीची बाही ओढली. लहानपणापासून दर जेवणाआधी तिने ही ओळ ऐकली होती. वकिली शिकून आली आणि नेमकी हीच विसरली. वस्तीतली कुठलीही म्हातारी आभार मानल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि आभारातून कोणाला गाळत नाही.

“आमच्या आजीच्या लोकांना सरकारने दक्षिणेतून उचलून इथे आणून टाकलं,” मावशी म्हणाली. “हिवाळा तोंडावर. घरात दाणा नाही. त्या कोपऱ्यातला तांदूळ तेव्हा बेटावरच्या बायकांचा. पिकायच्या आधी जिने झाडाच्या सालीच्या दोरीने उभ्या रोपांची पेंढी बांधली, दाणा तिचा. त्या होड्या घेऊन आल्या. आपल्या दोऱ्या सोडल्या. आजीला म्हणाल्या, आता तुझी बांध.”

“म्हणजे कोपरा मुळात तुमचा नव्हता?”

टंकलेखन यंत्राच्या कळा टकटकल्या. रोझाली ताडकन उभी राहिली. “साहेब, त्यांना म्हणायचंय—”

“बस गं खाली. म्हणायचं ते मी म्हटलंय.” मावशी साहेबांकडे वळली. “नव्हता. दिला म्हणून झाला. चोरलेल्या वस्तूचे कोणी आभार मानतं का?”



“तुमचं गाव कुठलं, साहेब?”

“खाली, नदीच्या वळणावर.” साहेब नकळत बोलून गेले. “आजोबांच्या वेळेपासून.”

“चांगली जागा. मासा भरपूर. तिथे तुम्ही कोणाचे आभार मानता?”

मावशी टेबलावर थोडी पुढे झुकली, नाव नीट ऐकू यावं म्हणून.

साहेबांनी तोंड उघडलं. टंकलेखिकेची बोटं कळांवर तशीच थांबून राहिली.