बोलका कडा

“एवढीच?” अंबूबाईनं विचारलं.

दगडी गोमुखातून पाण्याची धार खालच्या कुंडात पडत होती. मनगटाएवढी जाड, तेवढीच. पलूसकडच्या तिच्या गावाखालची कृष्णा पावसाळ्यात उसाचे फडच्या फड गिळायची. तिचं मूळ बघायला म्हणून अंबूबाई वाठारपर्यंत रेल्वेनं आली होती आणि पुढं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत हाडं खिळखिळी करून घेतली होती. लढाईचं चौथं वर्ष. पेट्रोल कुठं मिळत नव्हतं. घाटात दोनदा सगळ्यांनी उतरून मोटार ढकलली होती.

“उगमाला एवढीच असती,” लालासाहेब म्हणाले. “चल.”

त्यांनी कुंडाकडं नीट बघितलंसुद्धा नाही. ते देवळाच्या दारात आल्यागेल्याकडं बघत उभे होते.

तिला ह्या सगळ्याचंच नवल वाटत होतं. मागच्या लढाईतून हवालदार होऊन आल्यापासून लालासाहेबांनी बायकोला जत्रेलाही कधी नेलं नव्हतं. गेल्या महिन्यात ते बैल बघायला वाईला गेले, बैल न घेताच परत आले आणि जेवताना म्हणाले, “महाबळेश्वर बघून येऊ. थितं एक कडा हाय. हाक मारली की डोंगर जाब देतो.”

तिनं ओळखलं. आपल्या जीवाला थोडा विसावा मिळावा म्हणून चाललंय हे.

चैत्रात पोराच्या पलटणीचं पत्र आलं होतं, इंग्रजीत. लालासाहेबांनी ते उभ्यानंच वाचलं, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. “मानसिंग बेपत्ता झालाय,” एवढंच बोलले. त्या दिवसापासून त्यांनी पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. भावकीनं दिवस घालायचा विषय काढला, तेव्हा मात्र ते उखडले. “बेपत्ता म्हंजे मेला न्हवं!” पोलीस पाटील नाथाजी तेवढा माणुसकीचा. दर पंधरा दिवसांनी येऊन विचारायचा, “वहिनी, मानसिंगचं काय कळलं का?” अंबूबाई त्याला चहा केल्याशिवाय सोडत नसे.

दुपारी त्यांनी गुंडा टांगेवाल्याला कड्याकडं न्यायला सांगितलं. गुंडा पिकल्या मिशांचा, तोंडाचा फटकळ.

“थितं कशाला, हवालदार? सायबांचे पाइंट हायेत की चांगले चांगले.”

“थितंच जायाचंय.”

“आवं, काय बी न्हाई थितं. खाली निस्ती झाडी. हाक मारली तर दरी गिळून टाकती.”

अंबूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ते समोर घोड्याच्या कानांकडं बघत होते.

रस्ता संपला तिथं टांगा थांबला. लालासाहेबांनी गाठोडं खांद्यावर घेतलं. निघताना त्यांनी तिच्याकडून तीस भाकऱ्या थापून घेतल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी, दोन शेर मेतकूट. वर जुनं घोंगडं बांधलं होतं. “आपुन दोगंच की,” ती म्हणाली होती. “थंडीत भूक लय लागती,” असं उत्तर मिळालं होतं. प्रवासात त्यातल्या पाच-सहाच संपल्या होत्या.

“तू जा माघारी,” ते गुंडाला म्हणाले. “आमी चालत येऊ.”

टांगा वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग पायवाटेला लागले. पायवाट निसरडी होती. पाऊस सरला तरी धुकं हटलं नव्हतं. लालासाहेब मधेच थांबत, मागं वळून बघत. थकले असतील, असं तिला वाटलं.

कड्यावर पोचल्यावर बघायला काही नव्हतंच. ना दरी, ना डोंगर. पायाखाली चार हात खडक आणि पुढं पांढरं, कापसासारखं. तिला एकदम रडू आलं. एवढ्या लांब येऊन हे? उगम बघितला तर धार, कडा बघितला तर धुकं.

“मार हाक,” लालासाहेब म्हणाले.

“कुनाला?”

“त्येला.”

ती दचकली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते त्याच्याबद्दल बोलत होते.

“तुमीच मारा.”

“माझा आवाज चालायचा न्हाई. बाईमानसाचा लांब जातो.”

तिनं पदर सावरला. आधी लाज वाटली. मग तिनं हाक मारली, “मानसिंगऽऽ!”

धुक्यानं ती हाक जागच्या जागी शोषून घेतली. काही परत आलं नाही. गुंडा खरं बोलला होता.

“येत न्हाई वो माघारी.”

“पुन्यांदा मार. जरा जोरात.”

“मानसिंगऽऽ! आरं लेकराऽऽ!”

काही नाही. कुठंतरी पानावरून पाणी ठिबकत होतं. लालासाहेब कड्याच्या अगदी काठाला गेले होते, मान खाली घालून ऐकत होते. एवढा कडक माणूस, पण आत सगळं ढासळलंय, हे तिला आज दिसलं. दगडाकडून पोराच्या नावाचा जाब ऐकायला म्हातारा इतक्या लांब आलाय! तिला त्यांचीच दया आली. ती जवळ गेली, त्यांचा हात धरला.

“चला आता. न्हाई त्यो जाब द्यायचा. मला कळतंय समदं. घरी जाऊन रीतीपरमानं दिवस घालू. पोराला मोकळं करू.”

लालासाहेबांनी हात सोडवून घेतला. “एकदा. शेवटची.”

त्यांच्या समाधानासाठी म्हणून तिनं डोळे मिटले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं त्या हाकेत घातलं. “मानसिंगऽऽ! कुटं हायस रंऽऽ?”

हाक विरली. बराच वेळ गेला.

मग खालच्या झाडीत, अगदी जवळ, फांदी मोडल्याचा आवाज झाला.

“आये, वरडू नगंस,” धुक्यातून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. “आबा, पलटणीचं कुनी, नाथाजी पाटील, मागावर न्हाई न्हवं?”