दहाव्याचा कावळा

पडद्यावर दिसणाऱ्या फिनलंडच्या आयनोला दामिनी मोडक्या इंग्रजीत कावळा समजावून सांगत होती. कॉलेजातला विषय ‘जागतिक दृष्टिकोन’, आजचा धडा ‘आपापले अंत्यविधी’. दामिनीचे वडील जाऊन पंधराच दिवस झाले होते. अनुभव ताजा आहे म्हणून सरांनी तिलाच उभं केलं होतं.

“दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजतात. मग घरचे एकेक वचन देत जातात.”

“तुझ्या वडिलांची कोणती राहिली होती?” आयनोने विचारलं.

“आई म्हणाली, पोरीचं शिक्षण थांबवणार नाही. कावळा झाडावरून हलला नाही. मग काका म्हणाले, हिला वैशाखात उजवून टाकतो. तेव्हा शिवला.”

वर्गातल्या कुणालाच यात काही विशेष वाटलं नाही. आयनोने मात्र दोन्ही वचनं क्रमाने वहीत लिहून घेतली. मग म्हणाली, “काका आधी बोलले असते आणि आई नंतर, तर?”

दामिनीने सरांकडे पाहिलं.

“फार चांगला प्रश्न,” सर लॅपटॉप मिटत म्हणाले. “पुढच्या सत्रात यावर दामिनीच सविस्तर बोलेल.”

पुढचं सत्र जूनमध्ये सुरू होणार होतं.