सावनआधीचा बोकड

गावातल्या हिंदीभाषकांचा, पौर्णिमेनंतरचा सावन लागायच्या आदल्या दिवशी सुधाकर शितोळ्यांनी देवास गेटच्या खाटकाकडून अख्खा बोकड कापून घेतला. खाटीक आता महिनाभर दुकान बंद ठेवणार होता आणि शितोळ्यांचा अमावास्येनंतरचा मराठी श्रावण लागायला अजून पंधरा दिवस होते. एकदा श्रावण लागला की आपल्या घरात अंडंसुद्धा येत नाही, हे मात्र त्यांनी खाटकाला ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रस्सा उकळत असताना शेजारचे चौहानसाहेब कपाळाला भस्म लावून दारात उभे. सुधाकरराव ओशाळले.

"भाईसाहब, आपका तो सावन लग गया ना?"

"हमारे घर में लगा है," म्हणत चौहानसाहेब थेट जेवणाच्या टेबलाशी बसले. "राखी को हमारा खतम, आपका पंद्रह दिन बाकी. तब आप आ जाना, बकरा मैं कटवाऊँगा."