हुकूम आणा

“हुकूम आणा,” तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

इन्स्पेक्टर खुर्चीत रेलला. “मॅडम, एक नंबर आहे. तो फोन आत्ता कुठे आहे, एवढंच विचारतोय. तुमची इस्टेट नाही मागत.”

“इस्टेट मागितली असती तर विचार केला असता. ती माझी आहे. हा नंबर दुसऱ्याचा आहे.”

मोबाइल कंपनीच्या त्या ऑफिसात सगळे तिला पाठीमागे ‘कुलूप’ म्हणत. पोलिसांच्या मागण्या तिच्या टेबलावर येत. कायदा साधा होता. कुणाचा मोबाइल कुठे आहे हे पोलिसांना हवं असेल, तर कोर्टाचा हुकूम पाहिजे. कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तरच त्यातून सूट. तिच्या आधी या टेबलावर बसणारा गृहस्थ मात्र हुकूमबिकूम मागत नसे. पोलिसांचा फोन आला की मुकाट्याने ठिकाण सांगून मोकळा व्हायचा. तो निवृत्त झाला आणि मॅनेजरने चार ज्येष्ठ लोकांना डावलून ही जागा तिला दिली. का, ते कुणालाच कळलं नाही. तिलाही नाही.

“जिवावर बेतलंय असंच समजा,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“कुणाच्या?”

“आमच्या मोठ्या साहेबांच्या. पेपर वाचल्यापासून बीपी खाली येत नाहीये.”

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. पेपर तिनेही वाचला होता. पोलीस शेकडो लोकांचे मोबाइल हुकमाशिवाय शोधतात, अशी बातमी होती. वकील, वार्ताहर, संप करणारे कामगार, कुणी म्हणून सोडलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी पोलीस खात्याने बातमी धादांत खोटी असल्याचं जाहीर केलं. आणि आता तीच बातमी ज्या नंबरवरून वार्ताहराला पोचली, त्या नंबरचा माणूस त्यांना हवा होता. नंबर कुणा मेलेल्या माणसाच्या नावावर निघाला, म्हणून ठिकाणावाचून अडलं होतं. सापडला तर बिचाऱ्याची नोकरी जाणारच होती, वर तुरुंग.

तेवढ्यात मॅनेजर आत आला. पोलीस दिसला की याची नेहमीच गाळण उडायची. “द्या हो बाई, आटपा एकदाचं. साहेबांना किती वेळ बसवून ठेवणार?”

“तुम्ही लेखी सांगा. देते.”

“लेखी कशाला उगाच,” मॅनेजर पुटपुटला आणि मान पुसत दाराकडे सरकला.

शेपूटघालू माणूस! तिला त्याची मनापासून किळस आली.

“उद्या तुमच्यावरच गुन्हा दाखल करतो,” इन्स्पेक्टर उठला. “तपासात अडथळा. नोकरीवर पाणी सोडा.”

“करा की. त्यासाठीही कोर्टातच जावं लागेल. जाताच आहात तर येताना हुकूमही घेऊन या.”

संध्याकाळी घरी नवरा कपड्यांना इस्त्री करत होता. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून घरची बरीच कामं त्याने अंगावर घेतली होती. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने इस्त्री उभी केली. “तू काय जगाचा मक्ता घेतलायस? तो कोण, कुठला. ओळख ना पाळख.”

“ओळखीचा असता तर या कामातून मी बाजूला झाले असते.”

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. “घरात पगार एकाचाच येतो, हे त्या माणसाला माहीत आहे का गं?”

भीती तिलाही वाटत होती. पण भीती वाटली की ती आणखीच ताठ व्हायची, हा तिचा जुना रोग.

आठवडाभराने इन्स्पेक्टर परत आला, तो हुकूम घेऊनच. तिने सही पाहिली, शिक्का पाहिला, नंबर ताडून घेतला.

“बरेच दिवस लागले,” ती म्हणाली.

“मॅजिस्ट्रेटनी पहिला अर्ज तोंडावर फेकला. म्हणे, बातमी खोटी असेल तर गुपित फुटलं कुठे? आणि गुपितच फुटलं नाही, तर गुन्हा कसला?”

“मग?”

“मग काय, दुसरा अर्ज केला.”

मॅनेजर दारातून आत डोकावत होता. “बाई, कारण काय दिलंय ते मोठ्याने वाचा हं. नंतर आपल्या अंगाशी यायला नको.”

तिने वाचलं. “पोलीस खात्याने कोर्टाच्या हुकमाशिवाय ज्या नागरिकांचे मोबाइल शोधले, त्यांची खरी व गोपनीय माहिती या नंबरवरून बाहेर गेली आहे, असे तपास अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले आहे.” ती थांबली. “खरी. शपथेवर.”

“वाचता येतं मला,” इन्स्पेक्टर खेकसला. “शोधा आता.”

“एक प्रत काढून घ्या आधी,” मॅनेजर म्हणाला.

तिने प्रत काढली. आता सुटका नव्हती. ज्या नियमाच्या जोरावर ती भांडली, तोच नियम आता त्या अनोळखी माणसाला पकडून देणार होता. तिने जड बोटांनी नंबर टाकला. फोन बंद असू दे, असं तिला आतून वाटत होतं. तो बंद नव्हता. पडद्यावर नकाशा उमटला. तिने पाहिलं, पुन्हा नंबर टाकून पाहिलं.

“कुठे आहे?”

“इथे,” ती कशीबशी म्हणाली. “ह्याच इमारतीत.”

इमारतीत त्यांचं ऑफिस सोडून दुसरं काहीच नव्हतं. इन्स्पेक्टर ताडकन उठला. “वाटलंच होतं मला! म्हणून नियमांचा एवढा पुळका! पर्स रिकामी करा.”

तिने पर्स टेबलावर उपडी केली. डबा, चष्म्याचं घर, छत्री, तिचा स्वतःचा फोन. इन्स्पेक्टरने तो झडप घालून उचलला.

“बाईंना कशाला त्रास देता, साहेब?” मॅनेजर आत आला आणि खिशातून एक छोटा फोन काढून त्याने त्या प्रतीवर ठेवला. “हा घ्या. माझा आहे.”