एकशे त्र्याण्णवावी नोंद

“आई, खाली उतरू नको!” रामप्रसादाने गाडीतूनच हाक मारली, तोवर उषाबाईंचा एक पाय बांधावर पडला होता. पाठोपाठ दुसराही पडला. वय शहात्तर, खुब्याचे हाड एकदा मोडून बसवलेले, आणि गळ्यात नऊ वर्षे पेटीत पडून राहिलेली जुनी दुर्बीण.

“तुझ्यासाठी खुर्ची मांडलीय ना तिकडं मांडवात!”

“खुर्चीतून ज्वारी दिसत न्हाई, रामप्रसाद,” त्या मागे न वळता म्हणाल्या. “ऊन लागत असंल तर तूच बस तिच्यात.”

मांडवात खुर्ची होती आणि खुर्चीमागे बॅनर. जालन्याच्या पक्षिमित्रांनी आज पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात पक्षिनिरीक्षण ठेवले होते. ते आटोपले की उषाबाईंचे दिवंगत पती साहेबराव गुरुजी यांच्या पक्षियादीचे प्रकाशन व्हायचे होते. एकशे ब्याण्णव पक्षी, चाळीस वर्षांच्या नोंदी, आणि सगळ्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात. बॅनरवर गुरुजी हातात वही घेऊन उभे होते. मूळ छायाचित्र त्यांच्यापुरते कापून घेतले होते. कडेला हिरव्या बांगड्यांचे एक मनगट आणि त्यातून लोंबणारा दुर्बिणीचा पट्टा तेवढा राहून गेला होता. उषाबाईंनी येताना तो बॅनर एकदाच पाहिला होता.

गुरुजींना गाव फार मानायचे. मिरचीचे गाव, तोडणीला पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे वावरात उतरतात. पण गुरुजी तोडणीला कधी उतरले नाहीत. मास्तर माणूस, त्यांचा मान राखला जातो, असे गाव समजत आले. उषाबाईंनी ती समजूत कधी मोडली नाही. दर वर्षी नवी वही आली की गुरुजी पहिल्या पानावर स्वतःचे नाव घालण्याआधी पेन थांबवून त्यांच्याकडे बघत. त्या मानेनेच नको म्हणत. मास्तराच्या बायकोने रानोमाळ हिंडावे, ही त्या काळी गावाला सांगण्याजोगी गोष्ट नव्हती.

गुरुजी गेले आणि दुर्बीण पेटीत गेली. या दिवाळीत उषाबाईंच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, डोळ्याची पट्टी सुटली, आणि अंगणातल्या जास्वंदीवर सूर्यपक्ष्याचा जांभळा रंग लखकन चमकला. उषाबाईंनी त्याच दिवशी पेटी उघडायला घेतली. रामप्रसादाने किल्ली लपवली, तेव्हा त्यांनी लोहाराला बोलावून कुलूप फोडून घेतले. त्यानंतर एकही आठवडा त्यांनी रान चुकवले नव्हते.

ज्वारी काढणीला आली होती. शेकडो भारीट पक्षी एकदम कणसांवर उतरले आणि सारे वावर पिवळे झाले. गटाचा प्रमुख मिथुन मागून धावत आला. त्याच्या एका हातात कॅमेरा होता, दुसऱ्या हातात पुस्तकाची पहिली प्रत.

“काळ्या डोक्याचे भारीट, काकू. यादीत हायेत. एकशे बारावा नंबर.”

“सगळे काळ्या डोक्याचे न्हाईत. तिसऱ्या ओळीत बघ, वाकलेल्या कणसावर. डोकं तांबडं, गळा तांबडा.”

मिथुनने पाहिले न पाहिले केले. “सावलीमुळं तसं वाटून राह्यलं तुम्हाला. ऑपरेशन नवंच हाय ना.”

“माझे डोळे नवे हायेत. तुझेच जुने दिसून राह्यले. फोटो काढ जल्दी.”

तो हसला. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडू नये म्हणून त्याने कॅमेरा लावला. मग चित्र पडद्यावर मोठे केले, आणखी मोठे केले, आणि त्याचे हसू मावळले.

“लाल डोक्याचा भारीट! काकू, हा गुरुजींच्या यादीत न्हाई. बिलकुल न्हाई!”

“मंग लिही. एकशे त्र्याण्णव.”

मिथुन घुटमळला. “त्यात कसं लिहिणार? पुस्तक छापून झालं. गुरुजी गेले, यादी संपली. हा आमच्या गटाच्या नावानं टाकतो. आभारात तुमचं नाव घेतो, बराबर मोठ्या अक्षरात.”

“यादी संपली, हे कोणी ठरवलं?”

रामप्रसाद बांधावर येऊन पोहोचला होता. “आई, चल आता. मंडळी खोळंबलीत.”

“खोळंबू दे.”

“रागावू नका, काकू,” मिथुन समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुम्ही डबा घेऊन त्यांच्यासंगं रानात यायच्या, ते सगळ्यांना माहीत हाय. पण एवढ्या लांबून पाखराचा रंग हेरायचा म्हणजे नजर गुरुजींचीच. तशी नजर पुन्हा होणे न्हाई.”

उषाबाईंनी हात पुढे केला. मिथुनने पुस्तक दिले. पेन त्यांनी स्वतःच त्याच्या खिशातून काढून घेतले. शेवटच्या पानावर, छापील ओळीखाली, त्यांनी एकशे त्र्याण्णवावी नोंद लिहिली. मग पहिले पान उघडले. ‘नोंदी : साहेबराव गुरुजी’ या अक्षरांना त्यांनी धक्का लावला नाही. नोंदी त्यांच्याच होत्या. त्याखाली त्यांनी लिहिले, ‘नजर : उषाबाई’, आणि पुस्तक मुलाच्या हाती दिले.

रामप्रसादाने ते दोन शब्द वाचले. त्याने आईकडे पाहिले, मग बॅनरकडे, मग पुन्हा आईकडे.

“आई, हे काय लिहिलंस? लोक काय म्हणतील?”

उषाबाईंनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली आणि वावरावरून नजर न काढता म्हणाल्या, “लोकांना सांग, गुरुजींना मिरची तोडायला मीच कधी जाऊ दिलं न्हाई. पिकली मिरची अन् हिरवी मिरची त्यांना जन्मभर एकाच रंगाची दिसली.”