बावन्नावा भाग

"बदकमावशीचा डावा डोळा काळा नव्हता. एकोणिसाव्या भागापर्यंत तपकिरी बटण होतं," काका म्हणाले आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

तिने मुकाट्याने वहीत लिहून घेतलं. हे गृहस्थ चूक काढतात म्हणजे चूक असतेच, हे गेल्या आठ महिन्यांत तिला कळून चुकलं होतं.

'टोपलीतली मंडळी' हा लहान मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम चाळीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागायचा. एकूण बावन्न भाग. ते जपून ठेवायला तिने एक वेबसाइट काढली होती. लोकांनी माळे उपसून घरी भरून ठेवलेल्या कॅसेटी पाठवल्या, त्यातून कसेबसे तीन भाग हाती लागले. उरलेल्यांचं काय झालं ते टीव्ही केंद्राच्या जुन्या रजिस्टरातच लिहिलेलं होतं. त्या काळी टेप महाग, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसायची आणि तिच्यावर दुसरं काहीतरी भरायचं. रजिस्टरात दोन रकाने होते, 'पाहिली' आणि 'पुसली'. बावन्न ओळी, आणि दोन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत एकच सही. तिच्या शेपटीला दोन वेढे आणि वर गाठ.

ते पान तिने वेबसाइटवर टाकलं तेव्हा त्या सहीवाल्याचा लोकांनी यथेच्छ उद्धार केला. तिने स्वतःही लिहिलं होतं, 'हात झडो मेल्याचा.' एरवी प्रत्येक पानावर काहीबाही दुरुस्ती सुचवणारा 'जुना प्रेक्षक' तेवढ्या एका पानावर अवाक्षर बोलला नव्हता. भला माणूस, तिला वाटलं, शिव्याशाप आवडत नसतील.

तोच जुना प्रेक्षक आज तिच्यासमोर बसला होता. पत्ता द्यायला त्यांनी चार महिने घेतले. आपल्याकडे कॅसेट एकही नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं, पण तिला ते पटलं नव्हतं. इतकं तोंडपाठ कुणाला असतं? कपाटात कुठेतरी दडवून ठेवली असणार, असं धरूनच ती आली होती.

खोली लख्ख होती. एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. कपाट उघडंच होतं आणि त्यात कपड्यांशिवाय काही नव्हतं. टीव्हीसुद्धा नव्हता.

"बिघडला का?" तिने विचारलं.

"कधी घेतलाच नाही," काका म्हणाले.

मग कार्यक्रम बघितला कुठे? शेजाऱ्यांकडे? मुलांबरोबर? तर मुलंबाळंही नव्हती. नोकरी काय होती म्हणून विचारलं, तर बंद खोलीत बसून करायचं काम होतं, एवढंच म्हणाले आणि बिस्किटांची बशी पुढे केली. ताकास तूर लागू देईनात. तिचं कुतूहल मात्र वाढतच चाललं.

शेवटी तिने ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता तो प्रश्न काढला. बावन्नावा भाग, निरोपाचा. त्यात म्हणे बाहुल्या नाचवणारी माणसं पहिल्यांदाच पडद्याबाहेर आली होती. आठवतंय काही?

काकांनी डोळे मिटले. "आधी काळ्यावर उलटे आकडे येतात. दहा, नऊ, आठ. मग कुणीतरी खोकतं. मग टोपली दिसते."

ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. माकड बाहेर आलं, त्याच्यामागे त्याचा माणूस. मग ससा. सगळ्यात शेवटी बदकमावशी.

"तिला नाचवणाऱ्या बाई बारीक होत्या. वेणी पुढे घेतलेली. त्यांनी हातातून बदक काढलं आणि स्वतःच्या आवाजात बोलल्या."

तिचं पेन थांबलं. "काय बोलल्या?"

"म्हणाल्या, 'माझ्या घरी एक छोटी मुलगी आहे. तिला वाटतं, बदक खरंच बोलतं. तिला कुणी सांगू नका हं.' आणि हसल्या. हसताना नाकाला हात लावला."

तिला भरून आलं. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. घरात आईचे फोटो होते, पण आवाज होता तो फक्त बदकाचा, तीन भागांतला, घोगरा. आईचा स्वतःचा आवाज कसा होता, ती काय बोलायची, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नाकाला हात लावायची सवय तिलाही होती आणि ती कुणाची ते तिला आज कळलं.

"ती मुलगी मी," ती म्हणाली.

काकांनी हातातला कप खाली ठेवला.

तिने डोळे पुसले आणि पिशवीतून फॉर्म काढला. आईचं बोलणं जसंच्या तसं वेबसाइटवर टाकायचं होतं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. सांगणाऱ्याची सही असल्याशिवाय तिच्याकडे काहीच चढवत नसत. सही मजकुराखाली सगळ्यांना दिसेल अशी टाकायची, हा नियमही तिनेच केलेला.

"सही लागेलच का?" काकांनी विचारलं.

"नाहीतर लोक म्हणतील, मुलीने मनाचं रचलं."

त्यांनी मान हलवली. चष्मा चढवून फॉर्म अथपासून इतिपर्यंत वाचला, एकही ओळ न गाळता. मग पेन मागून घेतलं.

"तुमचे उपकार कसे फेडू, काका," ती म्हणाली.

फॉर्मवर चौकट एकच होती. तिच्यात त्यांनी सही केली, शेपटीला दोन वेढे देऊन वर गाठ मारली, आणि हात न उचलता, सवयीने, शेजारीच तशीच दुसरी केली.